बारावा स्क्रीन

पैसे भरायच्या स्क्रीनवरची खालची पट्टी
मीच काढली होती.
तिकीट घेताना माणसाचं चित्त
इकडेतिकडे जाऊ नये, एवढाच हेतू.

गुरुवारी तुर्कूच्या ऑफिसात व्हेइक्को आला चाचणीला,
वय एकाहत्तर, जन्म फेरीबोटींवर दोर ओढण्यात गेलेला,
उजव्या अंगठ्याचं अर्धं पेर
कुठल्याशा कप्पीनं खाल्लेलं.
उरलेल्या अंगठ्यानं तो अकरा स्क्रीन हिंडला,
नजर खिडकीबाहेर,
तोंडानं सिर्कूला मांजराचं आजारपण सांगत.

बाराव्यावर अंगठा खाली गेला
तर तिथं नुसतं पांढरं.
मांजर अर्ध्यावरच राहिलं.

चष्मा लावला त्यानं. फोन लांब धरला, जवळ धरला.
मग म्हणाला,
आमच्या सात बोटी.
सातही बोटींत आग विझवायचा सिलिंडर दाराच्या डावीकडे.
एकीत मालकानं उजवीकडे हलवला,
तिथं बरा दिसतो म्हणून.

मग? मी विचारलं.

मग काही नाही. एका रात्री
शोधावा लागला.

कॉफी गार झाली होती. त्यानं ती तशीच प्यायली.

आता पट्टी एकाच जागी लिहिली आहे,
बाराही स्क्रीन तिथूनच ती मागून घेतात,
मागचा बाण डावीकडे,
कुणी मला विचारून हलवायचा नाही,
मीसुद्धा.

विक्रीवाले कुरकुरले:
पैसे भरता भरता लोक मागे फिरतील.

फिरू देत.
बोट दर तासाला आहे.