सहावा रकाना

चर्चच्या ऑफिसात पंखा लावला की पानं उडतात,
म्हणून घामातच वाचायचं.
शांतवनकाकांनी कपाटाची किल्ली दिली, म्हणाले,
"एकवीस सालचं कसरीनं खाल्लंय. उरलं असेल तेवढं बघ."

उरली होती ती.
सायम्मा. वय एकोणीस.
धंदा: मिलमध्ये, वाइंडिंग खातं.
बापाचं नाव: माहीत नाही.
सहीच्या जागी डावा अंगठा,
इतका दाबलेला, की मागच्या पानावर
दुसऱ्याच कुणाच्या लग्नात उमटलाय.

आमच्याकडं ती सारामाय. आजीची आई.
फोटो नाही, माहेर नाही.
एवढंच ऐकलेलं, की जेवायला वाढताना
लेकरं मोजायची कानडीत: ओंदु, एरडु, मूरु.
लेकरं दोनच.
मोजता येत नाही म्हणून घरात हसायचे तिला.
मीही हसलेय, ती जाऊन तीस वर्षं झाल्यावर.

सहावा रकाना तीनदा वाचला.
'अविवाहित' खोडलेलं.
वर, त्याच शाईत: विधवा.

मग ती नळी.
अर्धा तास आधी पाणीसुद्धा नाही,
आणि रेघेपर्यंत भरायची.
पोरगा म्हणाला, "खानदान शोधायला थुंकायलीस व्हय, आई?"

सात आठवड्यांनी दीड टक्का आला.
दीड टक्का म्हणजे इंडी तालुक्यातले चन्नमल्लप्पा हत्तरकी,
निवृत्त हेडमास्तर,
सुनेनं अमेरिकेतून हौसेनं नळी पाठवली म्हणून सापडलेले.
फोनवर आधी जेवण झालं का विचारलं. मग सांगितलं,
आमची अज्जी पाच महिन्यांची होती,
तापाच्या साथीत आईबाप एकाच आठवड्यात गेले.
आईचं नाव सायव्वा.
दिवाळीच्या अमावास्येला
तिच्या नावानं एक इरकल ठेवतो अजून.

त्यांच्याकडं ती अठरा साली मेली.
आमच्याकडं एकवीस साली जन्मली, एकोणीस वर्षांची.
मधलं कुणीच लिहून ठेवलेलं नाही.
इंडीहून सोलापूर, पायी दोन-तीन दिवस.
अंगावरचं दूध आटायला त्याहून जास्त लागतात.
हाकलली, की निघाली?
लेक मागितली असेल का तिनं? दिली नसेल का?
दीड टक्क्यात हे येत नाही.

मास्तर बराच वेळ गप्प.
मग शाळेत विचारावं तसं, स्पष्ट:
"म्हणजे बाई, यंदा इरकल ठेवायची, का नाही?"
ठेवा, म्हटलं मी. रंग कुठला घेता?
"हिरवा कधीच नाही," ते म्हणाले.
यंदा हिरवा घ्या.

फोन ठेवता ठेवता आठवलं,
आणि ते मोजण्याचं सांगितलं मी,
दोन लेकरं आणि तीन आकडे.

पलीकडं फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.
कट झाला नव्हता.
लांब कुठं तरी खुर्ची सरकली,
नळ सुटला,
आणि किती तरी वेळ
पाणी वाहत राहिलं.