तिसरं सील

कोल्चानीच्या ज्या टोकाला रस्ता संपतो आणि मीठ सुरू होतं
तिथं मावशीचं गॅरेज. पत्रा, चार ठोकळे, आणि वारा.
नेमेसिओ पहाटेच आला.
इंजिन बंद न करताच म्हणाला,
"परत गळतंय."

वर्षातली तिसरी खेप.
मी चाकांना ठोकळे लावले, पुठ्ठा अंथरला,
टॉर्च दातांत धरून सरकले खाली.
ट्रान्सफर केसच्या पाठीवर काळसर ओघळ
आणि त्याला चिकटलेलं मीठ,
तेलकट कागदावर साखर सांडावी तसं.
एक थेंब लोंबकळला, विचार करत राहिला,
मग माझ्या कपाळावर पडला.

"जमिनीचा वाटा आहे तो," नेमेसिओ वरून म्हणाला.
"पाचामामाला चिचा लागते," मावशी म्हणाली,
"गिअर ऑइल तिनं कधी मागितलं?"
आणि कोकाचा बोकाणा या गालातून त्या गालात नेला.

आधी खूण. फ्लँजवर एक, शाफ्टवर एक,
तीही छिन्नीनं. खडू पुसतो.
मग चार बोल्ट.
तीन मुकाट्यानं आले.
चौथ्यानं वर्षभर मीठ खाल्लं होतं
आणि खाल्ल्या मिठाला तो जागत होता.
पान्ह्याला पाइप घातला, दोघींनी पाय लावले,
तेव्हा कुठं कर्रकन त्यानं इमान सोडलं.

नटाची ठेचलेली कड उचलली, नट फिरवला,
पुलरनं फ्लँज ओढला,
आणि ते दिसलं. काळं रबर, कडेला पत्र्याची वळी,
जेमतेम माझ्या मुठीएवढं.
ओठ कुठं फाटला असेल म्हणून बोटानं चाचपला.
शाबूत. मऊ. एप्रिलमध्ये मीच बसवलेला.
फ्लँजच्या गळ्यावरून नख फिरवलं,
कुठंच अडकलं नाही.
"मावशी, ह्याला काहीच झालेलं नाही."

मावशी नेमेसिओकडे बघत होती.
तो बाहेर, हात खिशात, पांढऱ्याकडे तोंड करून.
पूर्वी त्याच्यासोबत अदेमार यायचा, आमचे पान्हे मोजायचा,
एक कमी सांगून मला शोधायला लावायचा.
तो कालामाच्या खाणीत गेला त्याला वर्ष झालं.
आम्ही विचारत नाही.
हा सांगत नाही.

"वर हात घाल," मावशी म्हणाली,
"केसच्या डोक्यावर. बोटाएवढी नळी असेल."
कोपरापर्यंत हात गेला तेव्हा सापडली.
ब्रीदर.
काढून तोंडात धरली, फुंकली.
कानांत दडे बसले, हवा जाईना.
टोकाशी मीठ, दगड झालेलं.

तेल तापतं, आतली हवा फुगते,
वर वाट नसली
की जो ओठ सगळ्यांत मऊ तिथून ती बाहेर पडते.
दोन सीलं आम्ही उगाच फेकली.

तारेनं टोचत बसले. भुगा पडला जिभेवर.
मग एकदाची फुंकर आरपार गेली.

तरी नवं सील घातलंच.
एकदा उपसून काढलेलं परत बसवत नाहीत.
ओठाला तेलाचं बोट लावायचं,
वर पाइपचा तुकडा ठेवून हळू ठोकायचं,
बारा, सहा, तीन, नऊ,
नाहीतर ते तिरकं जातं आणि तिरकंच राहतं.
नट आवळला, कड ठेचली, खुणेला खूण लावली.
तेल ओतत राहिले,
भोकाच्या ओठाशी येऊन सांडलं तेव्हा थांबले.

"महिन्यातून एकदा ही नळी फुंकत जा," मावशी त्याला म्हणाली.
"तोंडानं?"
"मग कशानं? शिट्टी वाजवायचास ना मघाशीमघाशीपर्यंत."
तो नोटा मोजत राहिला.
एकदा मोजून झाल्या होत्या,
परत मोजल्या.
मावशीनं फक्त सीलाचे घेतले.

तो गेल्यावर पुठ्ठा उचलला.
खाली जमिनीवर तेल पसरलं होतं.
त्यावर मी मूठभर मीठ टाकलं.
आमच्याकडे तेल टिपायलाही तेच.