पाच पौंड हवा

घोडीचा ट्रेलर जोडला की
ऑरिनची पिकअप मागे बसायची,
दिवे आभाळात; समोरून येणारे
शिव्या घालत जायचे.

म्हणून पाट्यांच्या वर दोन रबरी फुगे.
सत्तर पौंड हवा, बंपर सरळ,
आणि टॅन्सी निमूट चढली.
शेरिडनच्या बाजारात तितकीच निमूट उतरली.

परतताना गाडी उगाच ताठ,
दर खड्ड्याला उडणारी,
नसलेलं ओझं पेलत.

वायोमिंगचा वारा. तो चाकाशी उकिडवा बसला,
व्हॉल्व्हची पिन नखाने दाबली.
फुस्स.
बराच वेळ नुसतंच फुस्स.

काटा पाचावर आला तसं बोट उचललं.
सगळी सोडायची नसते,
रबर चिमटतं, मग फाटतं.

ट्रेलरमधलं गवत
त्याने झाडलं नाही.