सहा अंश

खाटेचं डोकं सहा अंश खाली. इतकंच.
बाकी पोरगा धडधाकट, खसबचा,
खल्फान नावाचा,
जाळी ओढून ओढून दोरखंड झालेले दंड.
साठ दिवस उठायचं नाही.
जेवण आडवं, दाढी आडवी,
नमाज नुसत्या पापण्यांनी,
आणि उरलेलं सगळं मी धरलेल्या भांड्यात.

वर कुणीतरी जाणार आहे
म्हणून इथे अबू धाबीत, तिसऱ्या मजल्यावर
हा पडून आहे.
तिथं वजन सुटतं म्हणतात.
वजनाबरोबर आणखी काय काय सुटतं
ते मोजायला आम्ही सात नर्स,
एक टेप, रोजची एक बरणी थुंकी.

पहिल्याच आठवड्यात तोंड सुजलं.
"मुनाफ, आरसा काढ. मी माझ्या मामासारखा दिसतोय."
रक्ताला खाली उतरायची सवय,
खालीच उरलं नाही म्हटल्यावर
ते कपाळात येऊन बसलं.
पोटऱ्यांना कुणी काम सांगेना.
महिन्याभरात वाळत घातलेल्या बोंबलासारख्या झाल्या.
मी टेप आवळतो, आकडा सांगत नाही.
हाडं तर घरातल्याच चोरासारखी,
रोज चिमूट चिमूट चुना
लघवीतून बाहेर पोचवतात.

पलीकडे जोबी, कोट्टयमचा.
त्याला चिठ्ठीत व्यायाम निघाला:
उताणं पडून पाऊण तास पायडल.
खल्फानची चिठ्ठी कोरी.
तो त्या साखळीचा आवाज ऐकत राहायचा
जसा उपाशी माणूस
शेजारच्या घरातली फोडणी.

एकेचाळिसाव्या दिवशी बरगडीखाली लाल पट्टा.
डॉक्टरांनी लांबलचक नाव लिहिलं.
मी मनात म्हटलं, नागीण.
लहानपणच्या कांजिण्या कुठे जात नाहीत,
मणक्याच्या मुळाशी वेटोळं घालून निजतात
राखणदार जागा आहे तोवर.
राखणदार डुलकला असेल.
माणूस उठतच नाही, तर कशाची राखण?
थुंकीच्या बरणीत
दहा दिवस आधीच तिची सळसळ सापडली होती.
वहीत नोंद आहे. अक्षर माझंच आहे.

दाभोळात हौसामावशी गेरू उगाळून
आधी दोन्ही टोकांना लावायची:
"डोकं शेपटीला भेटू द्यायचं नाही, पोरा."
इथे गोळ्या, दिवसातून पाच वेळा,
नमाजाइतक्याच.
मला ठाऊक आहे, नागिणीला डोकं नसतं.
तरी मलम लावताना बोट
टोकांवर जरा जास्त रेंगाळतं.

डॉक्टर म्हणाले, सोड, घरी जा.
हा म्हणाला, एकोणीस दिवस राहिलेत
आणि बोटीचं इंजिन अजून दुकानात आहे.
दोन दिवस वर कुठेतरी बैठका झाल्या.
मग ठेवला त्याला.

पाळी सुटते पहाटे पाचला.
दार उघडलं की चष्म्यावर वाफ,
ओल्या फडक्यासारखी हवा तोंडावर.
बस सोडून मी चालत निघालो त्या आठवड्यात,
मुसफ्फाच्या गोदामांच्या कडेकडेनं,
शर्ट पाठीला चिकटलेला, गुडघा कुरकुरतोय.
एका चौकीदारानं विचारलं, बस चुकली का?
काय सांगणार. हो म्हटलं.

साठावा दिवस.
दोघांनी धरून उभा केला.
चेहऱ्यावरचा मामा झर्रकन उतरला, ओठ पांढरे,
डोळे फिरले, पुन्हा खाट.
दुसऱ्यांदा अर्धा मिनिट.
तिसऱ्यांदा पाय टेकले नि ओरडलाच.
बघतो तर तळव्यांचे घट्टे गेलेले.
नावेच्या फळ्यांवर वीस वर्षं कमावलेली ती कातडी
चादरीत भुसा होऊन पडली होती,
मीच रोज झटकत होतो.
खाली तान्ह्या पोराची टाच.

"मुनाफ," तो म्हणाला, "जमीन टोचते."

मी त्याच्यासमोर बसलो, फरशीवर,
आणि म्हटलं, टोचू दे.
डावा आधी टाक.