बाकी वेळ

बाकी : एकोणीस तास.
मग सत्तावीस. मग नुसतीच एक आडवी रेघ.

गेमचं यंत्र तळहातावर घेऊन फिरलो घरभर,
फ्रिजच्या डोक्यावर, मोरीच्या उंबऱ्यावर.
राउटर बंद, तीसपर्यंत मोजून चालू.
वायफाय विसरायला लावलं, पुन्हा ओळख करून दिली
(पासवर्ड : आईच्या माहेरचं आडनाव).
ताईचा सिनेमा थांबवला, बोलणी खाल्ली.
एक्केचाळीसचे बेचाळीस टक्के.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते.
रामबागेतले निम्मे खांब त्यांच्या पायाखालचे.
त्यांनी गेमचं नावही विचारलं नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
यंत्र कानाला लावलं,
पलीकडून कुणी हॅलो म्हणेल असं.

"सारखं बघतोस, म्हणून अडतंय.
झोपव त्याला."

बटण दाबलं. काच काळी झाली,
तिच्यात आम्ही दोघं, बनियनवर.
राउटरचा हिरवा ठिपका तेवढा
घाईघाईनं लुकलुकू लागला.

सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस खाल्ला.
वाटेत त्यांनी एक खांब दाखवला,
आता भलत्याच कंपन्यांच्या वायरींची वेटोळी.
काही बोलले नाहीत त्यावर.

परतलो तेव्हा एक वाजला होता.
जिन्यातच थांबून
त्यांनी हळू आवाजात विचारलं,
"उठवायचं का?"