मागचं दार

पंचविसाच्या रात्री, शेवटचा पाहुणा
करंज्यांची पिशवी विसरून गेला, की
बाबा पलंगाखालून व्हीसीआर काढायचे.
देवळाली कॅम्पातून भाड्याने आणलेला,
लूनावर, माझ्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून,
दवाखान्यातून बाळ घरी आणावं तसा.

कॅसेट दरवर्षी तीच.
दुकानात नाताळाची तेवढी एकच होती,
आणि इतकी झिजलेली, की पडद्यावर
बर्फ कुठला आणि मुंग्या कुठल्या
हे शमूला नि मला कधी कळलं नाही.

सिनेमा इंग्रजी. आम्ही मराठी शाळेतले.
सुवार्ता आत्याचं वाचन शास्त्रापुरतं.
म्हणून बाबा सांगायचे,
पाठ भिंतीला, पाय गोधडीत,
बाहेर शरणपूरची थंडी नळातलं पाणी चावरं करत असताना:

हा माणूस टपालखात्यातला.
ही त्याची थोरली बहीण.
बापाच्या घड्याळावरून वाकडं आलंय.
बारा वर्षं अबोला.
आज सणाचा आलाय, म्हणतोय, ताई, चुकलं माझं.
ती म्हणते, आधी पाय धू.

शेवटी ती बाई दार लावायची.
खिडकीतला दिवा जायचा. नुसता बर्फ.
शमू दरवर्षी रडकुंडीला,
‘बाबा, दार लावलं तिने!’

‘अरे, ते पुढचं. थंडी केवढी आहे!
आपली माणसं मागच्या दाराने येतात ना?
तो वळसा घालून गेलाय.
आत चहाला आधण ठेवलंय.
ते कॅसेटीत मावलं नाही.’

बाबा नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात.
दिवसभर काम एकच:
रेघ सरकलेली, शाई पुसटलेली नोट
गठ्ठ्यातून बाजूला काढायची.
एकतीस वर्षांत एक चुकली नाही, असं सांगायचे.

आई मिशनच्या दवाखान्यात नर्स.
डॉक्टरांचं इंग्रजी तिला झोपेतही कळायचं.
सिनेमा चालू असताना ती
उंबऱ्याशी बसून उरलेले अनारसे डब्यात भरायची.
बोलायची नाही.
एकदा फक्त खोकली होती.

बाबा गेले झावळ्यांच्या रविवारी.

या नाताळात ओबेदने तो सिनेमा शोधून काढला,
फोनवरून टीव्हीवर लावला.
एक मुंगी नाही. बर्फ इतका स्वच्छ
की परका वाटला.
आणि खाली अक्षरं. मी वाचत गेले.

तो टपालखात्यातला नव्हता.
घराचा ताबा घ्यायला आला होता.
ती कुणाचीच बहीण नव्हती.
घड्याळ होतं, पण तो नुसती वेळ बघत होता.
सोमवारपर्यंत, असं तो म्हणत होता.
पाय धुण्याबद्दल कुणी काही बोललंच नाही.

मी आईकडे पाहिलं.
ती पेरूच्या फोडींना मीठ लावत होती.
‘तुला माहीत होतं?’
‘पहिल्याच वर्षी.’
‘मग?’
‘मग काय? दिवसभर खऱ्याच नोटा बघायचा माणूस.
एक रात्र चालवू दे की स्वतःची.’

हात पदराला पुसले तिने.
‘आवाज बंद कर. ती खालची अक्षरंही काढ.
ओबेद, गोधडीत ये.
हा माणूस टपालखात्यातला.
ही त्याची थोरली बहीण.
अकरा वर्षं अबोला.’

‘बारा,’ मी म्हटलं.

‘बारा,’ ती म्हणाली, आणि पुढे गेली.
अडखळली नाही कुठे.
फक्त चहाच्या ऐवजी तिने कॉफी ठेवली,
बाबांना चालत नसे ती.

शेवटाला दार लागलं.
‘आजी, बंद केलं की तिने!’
आईने पडद्याकडे पाहिलंच नाही.
‘जा गं,’ मला म्हणाली,
‘मागची कडी काढून ये.’

मी उठले. स्वयंपाकघरात अंधार,
शेजारच्यांची कागदी चांदणी
ओट्यावर लाल-हिरवी होत होती.
कडीला हात लावला.
ती आधीच काढलेली होती.