तारीख पुढं गेली तर जालन्यात काय बघावं

न्यायाधीश रजेवर.
हे कळायला अकरा चाळीस झाले
आणि माझी मनमाडकडची गाडी सव्वासहाला.

वकिलाच्या कारकुनानं, बोराडेनं,
समन्सच्या पाठीमागं पेन्सिलीनं लिहून दिलं:
मोती तलाव. मस्तगड. काळी मशीद.
काही घ्यायचं नसलं तरी सराफ्यात एक चक्कर.
"जालना सोन्याचा पाळणा, साहेब.
आता बाळ मोठं झालंय, एवढंच."
आणि न लिहिता, खालच्या आवाजात:
"समोरच्या पार्टीशी तेवढं बोलू नका."

समोरची पार्टी
कोर्टाच्या नळावर ओंजळीनं पाणी पीत होती,
चपला बाजूला काढून.
दासू उफाडे, केजकडचा, धंदा ट्रक ड्रायव्हर.
दोन वर्षांपूर्वी बायपासला
एसटीच्या खिडकीतून मी त्याला पाहिलं,
फार तर सात सेकंद.
त्या सात सेकंदांचा
मला येण्याजाण्याचा भत्ता मिळतो.

फाटकाबाहेर त्यानंच विचारलं,
"इथलं काई म्हाईत हाय का तुमाला?"
नाही म्हणालो.
"मलाबी न्हाई. सळई भरायची, ताडपत्री बांधायची,
अन् गाव आरशात मागं मागं जायचं.
उतरून कवा बघितलंच न्हाई."

मग आम्ही निघालो.
बरोबर नव्हे, एकाच दिशेला.
तो रस्त्याच्या या कडेनं, मी त्या.
गांधी चमनपर्यंत ऊन असं चढलं
की रस्त्यावर सावली एकच उरली, रसवंतीची.
दोन ग्लास, बिनबर्फाचे.
त्याचे पैसे त्यानं दिले, माझे मी.
चरकाचे घुंगरू मात्र दोघांसाठी सारखेच वाजले.

कुंडलिकेच्या पुलावर
खाली पाणी आहे म्हणायला होतं,
त्यात एक बाई गोधडी तुडवत होती.
"जुनं जालना कोणतं वो, अन् नवं?"
पेरूवाला म्हणाला, "जिकडून आलाव ते जुनं,"
आणि वजनात एक पेरू जास्तीचा टाकला.

मोती तलाव पाहिला.
म्हणजे काठावर बसलो, मध्ये एका माणसाची जागा सोडून.
त्यानं मोसंबी सोलली, अख्खी साल एका लांब पट्टीत,
आणि अर्धी माझ्या समन्सवर ठेवली,
शासकीय शिक्क्याच्या थोडी अलीकडं.
त्याला मुलगी आहे. नववीत. चित्रं काढते,
पण ट्रक काढत नाही, म्हणाला.
मी माझं काय सांगितलं ते इथं लिहीत नाही.

मामा चौकात मी मोबाईलमध्ये वेळ बघत
पाऊल खाली टाकलं
आणि दंडावर एक हात आला, घट्ट, मागं ओढणारा.
समोरून टमटम गेली, मागं लोंबकळती पोरं.
"बघून," एवढंच.
हात निघाला. शर्टावर मोसंबीचा वास राहिला.
याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

जबाबात लिहिलंय: ट्रक भरधाव होता.
तो शब्द हवालदाराचा.
मी म्हणालो होतो, निळी ताडपत्री सुटली होती
आणि फडफडत होती,
म्हणून आधी तीच दिसली,
मग सायकल, मग तो सायकलवाला, पाय धरून.
हवालदारानं विचारलं, म्हणजे भरधाव ना?
एसटी हॉर्न मारत होती. मी सही केली.

त्या पायाचं काय झालं
हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही,
एकमेकांना, अख्खा दिवस.

काळी मशीद लांबून. सराफा बंद होता, सोमवार की काय.
स्टेशनात तो माझ्यासोबत आला, त्याची बस आठला.
वजनाच्या काट्यावर रुपया टाकला,
चिठ्ठी आलीच नाही, तरी तो हसत उतरला:
"मशीन बी तारीख द्यायलंय."

गाडी हलली तेव्हा तो खांबाआडून ओरडला,
"मस्तगड ऱ्हायलं की वो!"
एकोणीस जून, मी म्हणालो.
त्याला ऐकू गेलं का, सांगता येत नाही.
मी हात केला होता का, तेही नक्की आठवत नाही.
शपथेवर विचारलं
तर या वेळी
एवढंच सांगेन, जेवढं पाहिलं.